घरच्यांची ऊ, पाहुण्यांची पिसू

माझ्या आत्याला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आमच्या गल्लीत कुणी उरलंच नव्हतं. सगळ्यांची ती पिसूआत्या. वाणी, पोस्टमन, जिन्यात भेटणारी माणसं, एवढंच काय, माझे वडील, म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ, तेसुद्धा संध्याकाळी विचारायचे, "पिसू आली का गं कामावरून?" तिला त्याचं काही वाटत नसे. "डास म्हणत नाहीत हे काय कमी आहे," असं म्हणायची, चपला दाराबाहेर उलट्या करून आपटायची, बाह्या झटकायची आणि मगच आत यायची.

बंदराच्या वरच्या अंगाला एक जुनी बैठी इमारत आहे. तिथल्या प्रयोगशाळेत तिची नोकरी. रानातले आणि गोदीतले उंदीर धरून आणायचे, त्यांच्या अंगावर आणि पोटात कोण कोण राहतं ते बघायचं, बाटलीत भरायचं, चिठ्ठी लावायची. अंगावरच्या पिसवा, उवा, गोचिड्या हे तिचं खातं, आणि जंतही. माझे आतोबा त्याच खात्यात सापळे लावायचे. ते म्हणायचे, "लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात. आमची ही उंदीर पोखरून जंत काढते." हा विनोद त्यांनी लग्नात केला होता आणि पुढे जो भेटेल त्याला ऐकवला. आत्या प्रत्येक वेळी हसायची. मला त्या विनोदाचा वीट आला होता, तिला कधी आला नाही.

आता ह्यात दोन जातींचे उंदीर होते, ते सांगायला हवं. एक गोदीतले. ते फार पूर्वी कधीतरी जहाजांतून उतरले, गोदामांत शिरले, गटारांतून गावभर झाले आणि मग रस्त्याकडेने टेकडीवर चढले. दुसरे टेकडीवरच्या रानातले, मूळचेच. लहानखुरे, तांबूस, पोटाला पांढरे, कान मोठे, आणि स्वभावाने इतके साधे की सापळ्यात बसूनही खात राहायचे. आतोबांनी त्यांना नावं ठेवली होती: गोदीतले ते 'पाहुणे' आणि रानातले ते 'घरचे'. पिशव्या घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभे राहायचे आणि आत ओरडायचे, "आज घरचे दोन, बाकी पाहुणेच पाहुणे." प्रयोगशाळेचे साहेबसुद्धा पुढे तेच शब्द वापरायला लागले. पाहुण्यांनी येताना अंगावर काय आणलं आणि घरच्यांना काय काय दिलं, हाच त्यांच्या साऱ्या कामाचा विषय होता.

त्या पिशव्या मी शिवायची. आत्याचं बिऱ्हाड वर आणि त्याच इमारतीत खाली माझं शिलाईचं दुकान, शर्ट-पँट, पडदे, शाळेचे गणवेश. उंदराच्या पिशव्या शिवणारी म्हणून माझीही थोडी टिंगल व्हायची, पण काम चोख होतं. जाड पांढरं कापड, तोंडाला नाडी, आणि शिवण सगळी बाहेरून. आतून शिवण ठेवली की पिसवा तिच्यात दडून बसतात. ही गोष्ट मला आत्याने पहिल्याच पिशवीला शिकवली. ती पिशवी तिने माझ्या अंगावर फेकली होती.

तिच्या कामातला एकच नियम तिने मला पुन्हा पुन्हा सांगितला. जनावर गार व्हायच्या आत पिशवीचं तोंड बांधलं पाहिजे. कारण पिसू मेलेल्या अंगावर थांबत नाही. अंग गार पडायला लागलं की ती उडी मारते आणि जवळ जे ऊबदार असेल त्याच्यावर जाते. सापळेवाला आळशी असला आणि मेलेला उंदीर तासन्‌तास तसाच पडून राहिला, की त्याच्यावर काही सापडत नाही. मग तो रिकाम्या घरासारखा, भाडेकरू सोडून गेलेले. म्हणून एका पिशवीत एकच उंदीर, गाठ घट्ट, आणि आणला रे आणला की पांढऱ्या ताटावर धरून बारीक कंगव्याने विंचरायचा. विंचरताना ती केसांवर फुंकर मारायची. केस दुभंगले की खाली कोण पळतंय ते दिसायचं. आपल्या मुलीचे, म्हणजे माझ्या आतेबहिणीचे केस विंचरतानाही ती अशीच फुंकर मारायची, आणि ताई चिडायची, "मी उंदीर आहे का?"

लग्नसुद्धा ह्या गाठीवरूनच जमलं. आतोबा नवे होते, गाठ सैल मारायचे. आत्याने एकदा पिशवी त्यांच्या हातात परत दिली आणि म्हणाली, "ही बांधायला आई आली होती का तुमची?" आतोबा दुसऱ्या दिवशी इतकी घट्ट गाठ मारून आले की ती कात्रीने कापावी लागली. त्यानंतर मुद्दाम तशाच मारायला लागले.

त्या दोघांनी टेकडी आणि गोदी मिळून उभं आयुष्य काढलं. सुरुवातीला घरच्यांच्या अंगावर त्यांच्या त्यांच्याच पिसवा आणि उवा असायच्या, पोटात त्यांचे जंत. मग हळूहळू पाहुण्यांची पिसू घरच्यांवर दिसायला लागली. मग पाहुण्यांचे जंत घरच्यांच्या आतड्यात. आणि घरचे कमी होत गेले. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय. आतोबांचं दारातलं ओरडणं बदललं. "आज एकच घरचा." मग, "आज कुणी नाही." ते टेकडीवरून आले की बराच वेळ पायरीवर बसून राहायचे. म्हणायचे, पूर्वी रानात पाऊल टाकलं की पाचोळ्यात खसखस व्हायची, आता आपल्याच पावलांचा आवाज येतो आणि मागे वळून बघावंसं वाटतं.

मग आतोबांना ताप आला. ते फार काळजीने वागणारे, विजार मोज्यांत खोचून रानात जाणारे. तरी आला. डॉक्टर म्हणाले, उंदरांच्या पिसवांमुळे असा ताप येतो, हा तोच असेल, नसेलही. रक्ताच्या तपासणीतून काही धड निघालं नाही. हे आत्याच्या मनात घर करून बसलं. पिसू गोदीतली होती की रानातली, त्यांना तिथेच चावली की तिच्याच बाहीतून घरी आली, ह्यातलं काहीच तिला कळलं नाही आणि पुढेही कळायचं नव्हतं. एवढी वर्षं प्रत्येक पिसू कुठल्या अंगावरची हे चिठ्ठीवर लिहिणारी बाई ती.

ते गेले तेव्हा दुपार होती. ताई औषध आणायला गेली होती. खोलीत मी आणि आत्या. श्वास थांबला हे आम्हा दोघींनाही कळलं. मी तोंडावर हात धरला. आत्या उठली, कपाटातून धुतलेली पांढरी चादर काढली आणि मला म्हणाली, "त्या बाजूने उचल जरा." मला वाटलं, माणसं येतील म्हणून नीटनेटकं करते आहे. आम्ही त्यांच्याखाली चादर सरकवली. मग तिने चारही कडा वर घेऊन त्यांच्या अंगावर दुमडल्या, घट्ट, कुठे फट नको अशा. आणि तेव्हा मला कळलं ती काय करते आहे. पिशव्या शिवणारी मीच, मला नाही तर कुणाला कळणार?

तिने बाह्या वर सारल्या आणि त्यांच्या शेजारी बसली, आपला उघडा डावा हात चादरीत सारून त्यांच्या हाताला लावून. माझे वडील धावत वर आले, शेजारची माणसं आली. वडिलांनी मेहुण्याला जवळ घ्यायला हात पुढे केला तर आत्या म्हणाली, "थांबा. अजून गार झाले नाहीत हे." अगदी शांतपणे, कामावर बोलते तशी. दुःखाने बाईचं डोकं फिरलं, असं सगळ्यांना वाटलं, आणि वडील बाहेर जाऊन रडायला लागले. ती रडली नाही. ती वाट बघत होती. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, हे खरं सांगते.

बऱ्याच वेळाने तिने चादर उलगडली, खिडकीकडे धरली, कणन्‌कण पाहिली. काही नव्हतं. मग तिने आपल्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला हात नेला, हळूच खाजवलं आणि स्वतःशीच म्हणाली, "आली."

त्या दिवसापासून ती खाज गेली नाही.

आम्ही काय काय केलं नाही? कातडीच्या डॉक्टरांना दाखवलं. डोक्याच्या डॉक्टरांनाही दाखवलं, त्यांनी गोळ्या दिल्या. साहेब भला माणूस, त्यांनी स्वतः भिंग घेऊन तिचा हात खालीवर पाहिला आणि म्हणाले, "इथे काही नाही हो बाई. तुम्ही मला शिकवलंत काय शोधायचं ते, आणि मला काही दिसत नाही." ती म्हणाली, "बरं." तिला स्वतःलाही काही दिसत नसे. पण असायची. जेवता जेवता घास हातात थांबायचा, मान किंचित कलायची, कुणी दुसऱ्या खोलीतून हाक मारावी आणि आपण कान द्यावा तसं. "काय झालं?" विचारलं की म्हणायची, "काही नाही. फिरते आहे." चादरी उकळायची, कपडे उकळायची, होता होईल तो कुणाच्या फार जवळ बसायची नाही. गल्लीतल्या लोकांना तोंडाला कुलूप माहीत नाही. पिसूआत्याला खरंच पिसू लागली म्हणून हसून घेतलं, आणि मग तिच्या शेजारी बसायचं टाळायला लागले.

एकदा मी वर गेले तर ती मोरीत उभी राहून डॉक्टरांचं मलम बोटाने काढून काढून पाण्याबरोबर सोडून देत होती. मी रागावले. एवढी दगदग आम्ही कुणासाठी करतोय? तिने नळ बंद केला आणि म्हणाली, "लावलं तर जाईल ना ती."

मी तिच्या हातातून मलमाची डबी काढून घेतली.

"ह्यांच्या अंगावरची आहे," ती म्हणाली. "ह्यांचं रक्त प्यालेली. आणखी काय उरलंय ह्यांचं, विजारी आणि सापळे?"

मी घरी आले आणि त्या दिवशी मशीनवर बसवेना. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आतोबांची मेल्यावरही गेली नाही, असं काहीतरी विनोदी मनात आणून पाहिलं, पण हसू आलं नाही. मला माझ्या आत्याची भीती वाटायला लागली होती.

मग, आतोबा गेल्याला काही वर्षं झाल्यावर, ताईला बाळ झालं. मुलगा. दवाखान्यात आत्या आली ती खोलीच्या दारातच थांबली, हात पाठीमागे बांधून. "छान आहे," म्हणाली. "नाक बाबांचं आहे." ताईने बाळ पुढे केलं. आत्या एक पाऊल मागे सरली.

"आई, घे ना."

"नको. लहान मूल आपल्यापेक्षा गरम असतं."

ताईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि मला तिचाच राग पटला. तिने चार दिवसांच्या बाळाला छातीशी धरून आईला सांगितलं, "तुझ्या अंगावर काही नाहीये. डॉक्टरांनी सांगितलंय, साहेबांनी सांगितलंय. तुला मीही नको आहे आणि हाही नको आहे, तसं सरळ सांग ना." आत्या म्हणाली, "असेल त्याच्यापेक्षा गरम जवळ आलं की उडी मारते ती. एक गेला. दुसऱ्याला मी नाही हात लावणार." आणि निघून गेली.

पुढे महिने गेले. बाळ पालथं पडायला लागलं, बसायला लागलं. आत्या ताईच्या दाराशी यायची, टोपडी-स्वेटर आणून द्यायची, ते आधी उकळलेले असल्यामुळे आटलेले असायचे, आणि दारातूनच बाळाशी बोलायची. बाळ तिच्याकडे हात पसरायचं. ती मागे हात बांधून हसायची. हे बघणं फार वाईट होतं.

त्यातच ताईच्या नवऱ्याची बदली झाली, लांब, बोटीने जावं लागतं अशा ठिकाणी. ताई माझ्या दुकानात येऊन बसली आणि म्हणाली, "तिला सांग. जायच्या आधी तिने ह्याला एकदा तरी जवळ घेतलं, तर मी सुट्टीत येत जाईन. नाही घेतलं तर मी येणार नाही. मला माझ्या मुलाला दारात उभी राहणारी आजी दाखवायची नाही." ताई शब्दाची पक्की. ती येणार नाही म्हणाली म्हणजे येणार नव्हती. मी वर जाऊन आत्याला सगळं सांगितलं. तिने ऐकलं, कोपर चोळलं आणि म्हणाली, "बरोबर आहे तिचं." एवढंच.

ताईचं सामान बांधून होत आलं होतं त्या आठवड्यात प्रयोगशाळेत एक घरचा आला. आतोबांच्या जागी आलेल्या नव्या सापळेवाल्याने आणला. कित्येक दिवसांत टेकडीवरून फक्त पाहुणेच येत होते, त्यामुळे आधी कुणाचा विश्वास बसेना. म्हातारी मादी होती, पोटाचं पांढरं मळकट झालेलं, एक कान फाटलेला. साहेबांनी सांगितलं, हिला मारायचं नाही, विंचरायचं नाही, पिंजऱ्यात ठेवायचं. आत्याने तिच्यासाठी रानातला पाचोळा आणवला. पण ती खाईना. मी पिशव्या पोचवायला गेले तेव्हा आत्या तिला हाताच्या ओंजळीत घेऊन बसली होती आणि ती शेवटचे श्वास घेत होती.

गेली तशी आत्याने तिला पांढऱ्या ताटावर ठेवलं. कंगवा घेतला नाही. नुसती बसली. मला म्हणाली, "बस. गार होऊ दे."

मला तिथे बसायचं नव्हतं. पण तिला एकटं सोडवेना.

थोड्या वेळाने पिसवा निघायला लागल्या. एक, मग दुसरी, फाटक्या कानामागून बाहेर आल्या, केसांच्या टोकाशी थांबल्या आणि ताटावर उड्या मारल्या. आत्याने ओल्या ब्रशने एकेक टिपून बाटलीत टाकली. भिंग न लावताच म्हणाली, "पाहुण्यांच्या. ह्या थांबायच्याच नाहीत." मग आणखी काही. मग कुणी नाही. मला वाटलं, झालं. तिने भिंग माझ्या हातात दिलं आणि त्या उंदराच्या मानेवर फुंकर मारली. "आता खाली बघ. मुळाशी."

केसांच्या मुळाशी केसांच्याच रंगाच्या बारीक बारीक उवा होत्या. प्रत्येकीने एकेक केस पायांत धरलेला. काही हलत होत्या, फार हळू. त्या बाहेर येत नव्हत्या. ताटावर तिचा ऊबदार हात टेकलेला होता, बोटभर अंतरावर, तरी त्यातली एकही तिकडे गेली नाही.

"ह्या का जात नाहीत?" मी विचारलं.

"ह्या घरच्यांच्याच. दुसऱ्या कुणाच्या अंगावर जगत नाहीत. मागे आम्ही पाहुण्यांवर सोडून पाहिल्या होत्या. उपाशी मेल्या, पण त्यांचं रक्त प्याल्या नाहीत." तिने ब्रश बाटलीशेजारी ठेवला. मग म्हणाली, "पिसू सोडून जाते. ऊ नाही जात."

आम्ही बघत राहिलो. हलणाऱ्या होत्या त्या हलायच्या थांबल्या. पाय तसेच केसाला मिठी मारलेले. मला एकदम रडू आलं, उवांसाठी रडू येईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आत्याचं लक्ष मात्र आता त्यांच्यावर नव्हतं. ती आपल्या डाव्या कोपराकडे बघत होती.

"इतकी वर्षं," ती सावकाश म्हणाली. "मी बसमध्ये माणसांना खेटून बसले. साहेबांनी हात धरला माझा. तू किती वेळा जवळ बसलीस. तापाने फणफणलेल्या तुझ्या वडिलांच्या उशाशी बसले होते मी. कुणावर गेली का?"

"नाही," मी म्हणाले.

"पिसू असती तर गेली असती की नाही?"

तिथे काहीच नव्हतं, हे मला माहीत होतं, साहेबांना माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं. पण मी म्हणाले, "गेली असती."

"मग पिसू नाहीच ही. ऊ आहे. ही माझ्यावरच राहणार, आणि माझ्याबरोबर जाणार." तिने एप्रन काढून खुंटीला लावला, कोपरापर्यंत साबणाने हात धुतले आणि चालायलाच लागली. मी पिशव्यांचं गाठोडं तसंच काखेत घेऊन तिच्यामागे.

ताईच्या घरात सगळीकडे खोकी. ताईने दार उघडलं, आईला पाहून कपाळाला आठी घातली, आणि आत्या उंबऱ्यात थांबलीच नाही. सरळ आत गेली, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "दे."

ताईने दिलं. बाळाने आधी तिचा चष्मा ओढला, मग तिच्या खांद्यावर लाळ गाळली. आत्याने त्याच्या टाळूवर नाक टेकवलं, त्याच्या जावळावर हळूच फुंकर मारली, आणि ते खुदकन हसलं. तिने पुन्हा मारली, पुन्हा हसलं. मग तो खेळच झाला. ताई खोक्यावर बसून हमसून हमसून रडत होती आणि मधेच म्हणत होती, "उंदीर आहे का तो, उंदीर आहे का?" मीही रडले. तेवढा आनंद आमच्या घरात आतोबा गेल्यापासून झाला नव्हता. आत्याने बाळाला ह्या हातावरून त्या हातावर घेतलं, संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही, आणि ते तिच्या डाव्या कोपराच्या खळगीत डोकं ठेवून झोपलं.

ताई गेली. सुट्टीत येते म्हणून सांगून गेली. पिसूआत्या बरी झाली, असं गल्लीने जाहीर केलं. ती आता जेवताना थांबत नसे, चादरी उकळत नसे. मीच सगळ्यांत जास्त खूश. मी वडिलांना म्हणाले, सुंठीवाचून खोकला गेला.

मग एका दुपारी ती दुकानात आली. मी बटणं लावत होते. ती स्टुलावर बसली, बाही वर सारली आणि हात माझ्यापुढे धरला.

"नाहीये," ती म्हणाली.

"काय नाहीये?"

"ती. मी वाट पाहिली. कधीकधी दिवसभर नसायची, पण यायची. आता येतच नाही."

"मग चांगलंच झालं की गं."

ती कोपराची खळगी बोटाने चाचपत राहिली. मला वेगळीच शंका आली. मी सुई ठेवली. "आत्या, बाळावर गेली असं तर नाही ना वाटत तुला?"

तिने माझ्याकडे पाहिलं, पहिल्या पिशवीच्या वेळी पाहिलं होतं तसं. "ऊ कुठे जाते का दुसऱ्यावर? तूच पाहिलंस ना भिंगातून."

"पाहिलं."

"सोडून जाणं तिच्यात नसतंच. ती नाही म्हणजे ती मेली." तिने बाही खाली घेतली, मनगटाशी बटण लावायला गेली, तिला ते लागेना. "म्हणजे हे गेले," ती म्हणाली. "आता गेले."

मी उठून शटर अर्धं खाली ओढलं. कुणीतरी पँट न्यायला आलं होतं, त्याला उद्या या म्हटलं. परत आले तर ती रडत होती. चादर गुंडाळली त्या दुपारी रडायचं राहिलं होतं ते सगळं. मी तिला जवळ घेतलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने मला दूर लोटलं नाही.

"त्या वेळी मी शेजारी बसून होते," ती माझ्या खांद्यात म्हणाली. "गार होईपर्यंत हलले नाही. आणि ह्या खेपेला मला कळलंसुद्धा नाही गं. मी बाळाला हसवत होते."